दुसरा भाग कां रुचला नाहीं?

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला पूर्वरंग मनापासून आवडला, म्हणजे उत्तररंगाविषयींची त्याची अपेक्षा आपोआप वाढते. बुवांनीं तेंच निरूपण पुन्हां ऐकवावें, असें त्याला मुळींच वाटत नाहीं. परंतु पूर्वरंगांत जो सिद्धान्त मांडला, त्याच्याशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असें आख्यान लावलें, तर तो मनांतून खट्टू होतो. कादंबरीच्या, नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची स्थिति अशीच असते. पहिल्या भागानें मिळवून ठेवलेलें लोकांचें प्रेम हें त्याचें भांडवल असतें आणि तेंच त्याच्यावरचें ऋणही असतें. भांडवल वापरावयाचें आणि ऋण विसरावयाचें, असें झालें कीं रसिक रागावतो.

अशाच एका रागाची ही हकीकत आहे. ती पुस्तकांच्या किंवा रंगभूमीच्या जगांतली नसून व्हिडिओ गेमच्या जगांतली आहे. घरांतलीं वडील माणसें या खेळांकडे वेळ दवडण्याचें साधन म्हणून पाहतात, आणि कित्येक खेळांच्या बाबतींत त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नसतें. परंतु या खेळांत एक प्रकार असा आहे कीं, तो साठ-सत्तर तास चालणाऱ्या एखाद्या दीर्घ कादंबरीसारखा असतो. त्याला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ, असें म्हणतात. त्याचें मूळ अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळांत आहे. चार मित्र टेबलाभोंवतीं बसत, प्रत्येक जण एक पात्र घेई, एक जण सूत्रधार होई, आणि फाशांच्या दानांवर व बोलण्यावर गोष्ट पुढें सरके. संगणक आल्यावर सूत्रधाराचें काम त्याच्याकडे गेलें. पात्राची निवड मात्र खेळणाऱ्याकडेच राहिली.

कादंबरी वाचणारा नायकाचें सुखदुःख पाहतो. येथें खेळणारा तें स्वतः ओढवून घेतो. कोणाला वांचवावयाचें, कोणाला सोडावयाचें, कोणाशीं मैत्री करावयाची आणि कोणाचा विश्वासघात करावयाचा, हें तोच ठरवितो. त्यामुळें अशा खेळाच्या दुसऱ्या भागावरचें ऋण कादंबरीच्या दुसऱ्या भागापेक्षां जड असतें. कादंबरीकाराला फक्त आपलीच आठवण ठेवावी लागते. खेळ रचणाऱ्याला लाखों खेळाडूंनीं घेतलेल्या निरनिराळ्या निर्णयांची आठवण ठेवावी लागते.

कॅनडा देशांतील एडमंटन शहरांत १९९५ सालीं बायोवेअर नांवाची संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत रे मुझायका आणि ग्रेग झेशुक हे दोघे वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर होते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. या संस्थेनें १९९८ सालीं 'बाल्डर्स गेट' हा खेळ काढला आणि दोनच वर्षांनीं त्याचा दुसरा भाग काढला. तो दुसरा भाग पहिल्याहून सरस ठरला आणि आजही या प्रकारांतील उत्तम खेळांत त्याची गणना होते. दुसरा भाग कसा असावा, याचा धडा या संस्थेला दुसऱ्यांकडून घेण्याची गरज नव्हती. तो तिनें स्वतःच घालून दिला होता. म्हणूनच पुढें घडलें तें लोकांच्या अधिक जिव्हारीं लागलें.

'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' हा खेळ नोव्हेंबर २००९ मध्यें बाहेर आला. तो येणार हें लोकांना २००४ पासून ठाऊक होतें; म्हणजे पांच वर्षांहून अधिक काळ तो घडत होता. फेरेल्डन नांवाच्या एका कल्पित राज्यावर भूगर्भांतील राक्षसांची धाड येते, त्यांच्याशीं झुंजण्याचें व्रत घेतलेले ग्रे वॉर्डन नांवाचे योद्धे ऑस्टागरच्या लढाईंत राजासह मारले जातात, कारण सेनापति लोघेन ऐन वेळीं आपलें सैन्य घेऊन निघून जातो. आणि उरलेल्या दोघां वॉर्डनांनीं साऱ्या राज्याला एकत्र करून तें संकट परतवावयाचें, अशी त्याची कथा. वाचतांना ती ठराविक सांच्यांतली वाटते, आणि कथानक म्हणून ती तशी आहेही. खेळाचा मोठेपणा कथानकांत नसून मांडणींत होता.

खेळाच्या नांवांतील 'ओरिजिन्स' म्हणजे उगम. खेळाडूपुढें निरनिराळे सहा जन्म ठेवलेले असत. सरदाराच्या घरांत जन्म घ्यावा, तर एका रात्रींत जवळजवळ सारें कुटुंब कापलें जाई. शहराच्या कडेला कोंडलेल्या वस्तींतील एल्फ जमातींत जन्म घ्यावा, तर ऐन लग्नाच्या दिवशीं एक उन्मत्त सरदारपुत्र मांडवांतून बायका उचलून नेई. भूमिगत नगरींतील बुटक्यांच्या राजकुळांत जन्म घ्यावा, तर सख्खा भाऊ खुनाचा आळ घालून देशोधडीला लावी. आणि ही सुरुवात पुढें विसरली जात नसे. हाच देशोधडीला लागलेला राजपुत्र पुढें मदत मागण्यासाठीं त्याच नगरींत परत जातो, तेव्हां गादी रिकामी असते. एका बाजूला तो कपटी भाऊ. दुसऱ्या बाजूला एक सज्जन, वृद्ध, परंतु जुन्या रूढीला चिकटलेला सरदार. खेळाडू सज्जनाला गादीवर बसवितो, आणि शेवटीं त्याला कळतें कीं त्या सज्जनाच्या राज्यांत नगरीनें स्वतःला कोंडून घेतलें व जातिबंधनें होतीं तशींच घट्ट राहिलीं. कपटी भावाच्या हातून मात्र तीं सैल झालीं असतीं. असे प्रसंग मनांत घर करून राहतात. खेळाच्या शेवटीं महाराक्षसाला ठार करणारा वॉर्डन स्वतःही मरतो. तें मरण चुकविण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो मोठा संशयास्पद आहे. घरोघर त्या प्रसंगावर वाद झाले. २०१० च्या आरंभापर्यंत या खेळाच्या बत्तीस लाख प्रती खपल्याचें प्रकाशक कंपनीनें जाहीर केलें.

ही प्रकाशक कंपनी म्हणजे अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. तिनें बायोवेअर ही संस्था खरेदी करण्याचें २००७ सालीं जाहीर केलें, आणि २००८ च्या आरंभीं तो व्यवहार पुरा झाला. पहिल्या खेळाचा बराचसा भाग त्यापूर्वींच घडला होता. दुसरा मात्र संपूर्णपणें नव्या मालकीखालीं घडला.

'ड्रॅगन एज २' हा ८ मार्च २०११ रोजीं अमेरिकेंत विक्रीला आला. पहिला खेळ येऊन अवघे सोळा महिने झाले होते. त्यांत सहा जन्मांची निवड नव्हती. नायक ठरलेला होता : हॉक नांवाचा मनुष्य, पुरुष किंवा स्त्री. राक्षसांच्या धाडीमुळें फेरेल्डनमधून आई आणि भावंडांसह पळालेलें हें कुटुंब समुद्रापलीकडील कर्कवॉल या शहरीं निर्वासित म्हणून येतें. वाटेंतच एक भावंड मरतें. शहराच्या दारांत प्रवेश मिळावा म्हणून एक वर्ष भाडोत्री शिपायांची किंवा चोरट्या व्यापाऱ्यांची चाकरी पत्करावी लागते. पुढें जवळजवळ सात वर्षांच्या काळांत हा निर्वासित त्या शहराचा सर्वश्रेष्ठ योद्धा कसा झाला आणि तें शहर कसें पेटलें, ही या खेळाची कथा.

खेळाडूंनीं उत्सुकतेनें खेळ घेतला. दोन आठवड्यांच्या आंत दहा लाखांवर प्रती गेल्या. हा वेग पहिल्या खेळापेक्षांही अधिक होता. परंतु विक्रीचा हा आंकडा पहिल्या खेळाच्या पुण्याईचा होता, हें लवकरच दिसून आलें. व्यावसायिक टीकाकारांनीं संगणकावरच्या पहिल्या खेळाला सरासरीनें शंभरांत ९१ गुण दिले होते. दुसऱ्याला ८२ दिले. ही घट मोठी असली तरी अपमानास्पद नव्हती. सामान्य खेळाडूंनीं दिलेले गुण मात्र निम्म्याच्याही खालीं घसरले. 'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' असा त्यांच्या तक्रारीचा एकंदर सूर होता.

त्या तक्रारी कोणत्या होत्या, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण त्यांत दोन भिन्न गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत गाजलेली तक्रार गुहांची. या खेळांत नायकाला पुष्कळ ठिकाणीं जावें लागतें. कोणाचा हरवलेला मुलगा एका गुहेंत असतो, चोरांचा अड्डा दुसऱ्या गुहेंत, राक्षसांचें बीळ तिसऱ्या गुहेंत. परंतु आंत शिरल्यावर ती एकच गुहा असल्याचें दिसतें. तेच वळण, तेच दगड, तोच उतार. कधीं डावीकडचा दरवाजा बंद केलेला, कधीं उजवीकडचा. त्याहून वाईट म्हणजे, कोपऱ्यांतील छोट्या नकाशांत तो बंद केलेला भागही स्पष्ट दिसे. गोदामेंही तशींच, वाडेही तसेच. नाटकांत राजवाड्याचा पडदा एकच असतो आणि प्रेक्षक तो चालवून घेतो, हें खरें. परंतु तोच पडदा अरण्याला, बाजाराला आणि स्मशानालाही लावला, तर प्रेक्षक हंसूं लागतो.

दुसरी तक्रार लढायांची. पहिल्या खेळांत लढाई म्हणजे बुद्धिबळाचा डाव होता. खेळ थांबवून, संगणकावर वरून सारें रणांगण न्याहाळून, कोणाला कोठें उभें करावयाचें हें ठरवितां येई. दुसऱ्या खेळांत डाव थांबवितां येई, परंतु वरून पाहण्याची ती सोय काढून टाकली होती. आणि डाव आंखावा तरी कसा, कारण एक टोळी मारली कीं दुसरी टोळी छपरावरून उड्या टाकीत किंवा चक्क हवेंतून उगवल्यासारखी पुढें येई. ज्या शत्रूचें ठिकाण आधीं कळूंच शकत नाहीं, त्याच्याविरुद्ध बेत आंखण्याला अर्थ उरत नाहीं.

तिसरी तक्रार बोलण्याची. पहिल्या खेळांत नायक मुका होता; त्यानें काय बोलावयाचें तें संपूर्ण वाक्य पडद्यावर लिहिलेलें असे आणि खेळाडू त्यांतून निवड करी. आवाज नसल्यामुळें त्या वाक्याला प्रत्येक जण मनांत आपला स्वतःचा आवाज देई. दुसऱ्या खेळांत हॉकला नटांनीं आवाज दिला आणि पडद्यावर दोन-तीन शब्दांचा नुसता सारांश येऊं लागला. शेजारीं सौम्य, विनोदी किंवा कठोर अशा भावाचें चिन्ह. खेळाडूनें एक समजून निवडावें आणि नायकानें भलतेंच बोलावें, असें वारंवार घडे. अनेकांना वाटलें कीं आपण नट होतों ते प्रेक्षक झालों.

चौथी तक्रार सर्वांत खोल आहे. खेळाच्या अखेरीस कर्कवॉलमध्यें मांत्रिक आणि त्यांना कोंडून ठेवणारे टेम्पलर नांवाचे धर्मसैनिक यांच्यांतील वैर शिगेला पोंचतें. अँडर्स नांवाचा नायकाचाच एक सोबती शहराचें धर्ममंदिर स्फोटानें उडवून देतो. नायकाला एक पक्ष घ्यावा लागतो. परंतु तो मांत्रिकांच्या बाजूनें उभा राहिला तरी मांत्रिकांचा प्रमुख ओरसिनो शेवटीं राक्षसी रूप घेऊन त्याच्यावरच उलटतो; आणि तो टेम्पलरांच्या बाजूनें उभा राहिला तरी त्यांची सेनानी मेरेडिथ त्याच्याविरुद्ध तलवार उपसते. पक्ष कोणताही घ्या, दोघांशींही लढणें चुकत नाहीं. ज्या खेळाच्या पहिल्या भागानें निर्णयाचें मोल शिकविलें, त्याच्या दुसऱ्या भागानें निर्णय हा नुसता देखावा केला, असें चाहत्यांना वाटलें.

आतां या चार तक्रारींकडे पुन्हां पाहावें. गुहांची तक्रार आणि आभाळांतून पडणाऱ्या शत्रूंची तक्रार ही घाईचीं फळें आहेत. मुक्या नायकाला वाचा देणें, सहा जन्मांऐवजीं एकच नायक घेणें, एका राज्याऐवजीं एकच शहर घेणें, आणि नायकाला संकट टाळतां न येणें, हीं मात्र धाडसाचीं फळें आहेत. मग तें धाडस कोणाला रुचो वा न रुचो. घाई हा दोष आहे. धाडस हा दोष नव्हे. परंतु सुक्याबरोबर ओलेंही जळतें, या न्यायानें रागाच्या आगींत दोन्ही एकत्रच जळालीं.

घाई झाली, यांत शंका नाहीं. खेळाची मुख्य रचना दीड वर्षाहूनही कमी काळांत उरकली गेली. तिचें कारणही पुढें खेळाच्या प्रमुखांपैकीं मार्क डॅरा यांनीं उघडपणें सांगितलें. बायोवेअरचाच 'स्टार वॉर्स : दि ओल्ड रिपब्लिक' हा दुसरा प्रचंड खेळ ठरल्या वेळीं पुरा होईना, तो शेवटीं डिसेंबर २०११ मध्यें निघाला. प्रकाशक कंपनीचें आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतें. हिशेबाच्या वहींत जी जागा रिकामी राहिली, ती भरण्यासाठीं हा खेळ त्या मुदतींत बसविण्यांत आला. एवढ्या अवधींत शंभर निरनिराळ्या जागा चितारणें अशक्य होतें. म्हणून एक गुहा चितारून तिचेच दरवाजे उघडबंद करण्याची युक्ति आली. पांच वर्षें मुरलेल्या लोणच्याच्या शेजारीं कालची कैरी ठेवली, तर कैरीचा गुण कोण पाहणार?

आणि गुण तर होते. एका निर्वासिताची गोष्ट, एकाच शहरांत, वर्षांमागून वर्षें सांगावयाची, ही कल्पनाच या प्रकारच्या खेळांत दुर्मिळ होती. असल्या खेळांतला नायक बहुधा जग वांचवितो. हॉक जग वांचवीत नाहीं. त्याला आपलें घरही वांचवितां येत नाहीं. वडिलोपार्जित वाडा परत मिळवून तो आईला तेथें सुखानें ठेवतो, आणि थोड्याच वर्षांत ती एका विकृत खुनी मांत्रिकाच्या हातीं सांपडते. खेळाडूनें कितीही धांवपळ केली तरी तो वेळेवर पोंचत नाहीं. जिंकण्याची संवय झालेल्या खेळाडूला हा प्रसंग मनस्वी लागला, आणि तो लागावा अशीच योजना होती. सत्ता आणि संपत्ति मिळालेल्या माणसाच्याही हातांतून शहर निसटतें, दोन हट्टी पक्षांच्या मध्यें उभ्या राहणाऱ्या शहाण्याचें कोणी ऐकत नाहीं, हें सांगणारी ही शोकांतिका होती. अखेरच्या लढाईंत दोन्ही प्रमुख नायकावर उलटतात, या तक्रारीचा अर्थ त्या प्रकाशांत थोडा निराळा लागतो. मात्र शोकांतिकेचा शेवट अटळ वाटावा लागतो. येथें ओरसिनोचें उलटणें अटळ न वाटतां केवळ आणखी एक लढाई हवी म्हणून घातल्यासारखें वाटतें. कल्पना बरोबर होती. ती पिकण्याला वेळ मिळाला नाहीं.

कथा सांगण्याची तऱ्हाही सुरेख होती. सारी हकीकत हॉकचा मित्र व्हॅरिक हा बुटका, गप्पिष्ट लेखक सांगत असतो, आणि तीही धर्मसंस्थेची अधिकारी कॅसँड्रा हिच्या दरडावणीखालीं. आरंभींच तो नायकाचा पराक्रम भरमसाट फुगवून सांगतो, आणि ती त्याला मध्येंच तोडून खरें काय तें विचारते. त्यामुळें ऐकणाऱ्याच्या मनांत एक गोड संशय कायम राहतो. सोबत्यांच्या बाबतींतही नवा विचार होता. पहिल्या खेळांत सोबत्याची मर्जी राखावी लागे. ती गेली तर तो निघूनही जाई. दुसऱ्यांत मतभेदाचीही एक वाट केली होती. सोबत्याशीं सतत वाद घालूनही त्याचा आदर मिळवितां येई. होयबा नसलेला मित्रही मित्र असूं शकतो, हें या खेळानें चांगलें दाखविलें.

दोष मात्र घाईच्याच पदरीं टाकून मोकळें होतां येत नाहीं. सात वर्षांची कथा सांगावयाची, तर त्या सात वर्षांत शहर बदललेलें दिसलें पाहिजे. येथें तीन-तीन वर्षें लोटतात आणि बाजारांतले दुकानदार त्याच जागीं उभे असतात. निर्वासित म्हणून केलेलें चाकरीचें तें पहिलें वर्ष, ज्यांत हॉकचें सारें दैन्य दिसलें असतें, तें एका वाक्यांत उडवून दिलेलें आहे. पहिल्या खेळांत घेतलेल्या निर्णयांची नोंद दुसऱ्यांत आणतां येई. परंतु तिचें फळ काय, तर पहिल्या खेळांतील अ‍ॅलिस्टर हा सोबती कोणाला राजा म्हणून, कोणाला वॉर्डन म्हणून, तर कोणाला दारूच्या गुत्त्यांत झिंगलेला असा क्षणभर दिसे. ज्यानें साठ तास एका राज्यासाठीं जिवाचें रान केलें, त्याला एवढ्या भेटीनें समाधान कसें होणार?

घाई आणि धाडस यांतला फरक त्याच वर्षीं एका छोट्या पुरवणीनें स्पष्ट केला. जुलै २०११ मध्यें 'लेगसी' नांवाचें जोडप्रकरण निघालें. नायक तोच, नायकाची वाचा तीच, लढण्याची रीत बहुतेक तीच. फक्त जागा नवी चितारलेली होती, लढाया विचारानें मांडलेल्या होत्या, आणि हॉकच्या मृत वडिलांची कथा मन लावून लिहिलेली होती. मूळ खेळावर रागावलेल्यांपैकीं पुष्कळांनीं त्याचें स्वागत केलें. म्हणजे वेळ आणि मेहनत मिळाली, तर तेंच धाडस लोकांना पटत होतें. परंतु तोंवर उशीर झाला होता. कथा पुढें नेणारी 'एक्झाल्टेड मार्च' ही मोठी पुरवणी रद्द झाल्याचें २०१२ सालीं जाहीर झालें, आणि कर्कवॉलची कथा आपल्या भूमीवर संपूं शकली नाहीं.

या रागाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ सालीं कांहीं लोकांनीं या संस्थेंतील एका लेखिकेची कित्येक वर्षांपूर्वींची एक मुलाखत उकरून काढली, खेळांत जें जें बिघडलें त्याचा दोष तिच्या माथीं मारला आणि तिला अश्लील शिव्या व धमक्यांनीं भंडावून सोडलें. मुदत तिनें ठरविली नव्हती, गुहा तिनें काढल्या नव्हत्या. प्रेक्षकाला नापसंतीचा अधिकार आहे. नाटक पडलें म्हणून लेखकाच्या घरावर दगड टाकण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. आवडत्या वस्तूवरचें प्रेम जेव्हां मालकीहक्कासारखें वाटूं लागतें, तेव्हां त्याचें असें विष होतें.

दुधानें तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नोव्हेंबर २०१४ मध्यें आलेल्या 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' या तिसऱ्या भागांत रचनाकारांनीं प्रत्येक तक्रारीला उत्तर दिलेलें दिसतें. जमातींची निवड परत आली. वरून पाहण्याची सोय परत आली. आणि एका गुहेच्या जागीं पर्वत, वाळवंटें, दलदली असे अफाट प्रदेश आले. त्या वर्षींच्या 'दि गेम अवॉर्ड्स' समारंभांत त्याला वर्षांतील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. तो मान अयोग्य नव्हता. परंतु त्या अफाट प्रदेशांत करावयाचें काय, तर वनस्पति गोळा करावयाच्या, तुकडे शोधावयाचे, झेंडे रोवावयाचे. पहिल्याच मोठ्या प्रदेशांत खेळाडू इतके तास अडकून पडत कीं, तेथून लवकर बाहेर पडा, असा सल्ला जाणत्यांना द्यावा लागला. घाईवरचा उपाय म्हणून विस्तार आला. एका शहराची, एका घराची, हृदयाजवळची गोष्ट सांगण्याचें धाडस मात्र मागें पडलें. चुकीच्या गोष्टीवर राग काढला, म्हणजे चुकीचाच धडा शिकविला जातो, याचें हें उदाहरण आहे. त्याच खेळांत व्हॅरिक आणि हॉक पुन्हां भेटतात, आणि पुढें हॉक व आणखी एक जण यांपैकीं एकाला मृत्यूच्या तोंडीं मागें ठेवण्याचा प्रसंग येतो. तेव्हां ज्यांनीं त्याला नांवें ठेवलीं होतीं, त्यांतल्याही अनेकांचा हात थबकला. नावडत्या भागांतला नायक लोकांना नकळत आवडून गेला होता.

ऋणाचा प्रश्न पुढेंही सुटला नाहीं. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजीं आलेल्या 'दि व्हेलगार्ड' या चौथ्या भागांत मागील खेळांतील अवघे तीनच निर्णय पुढें आणले गेले; तीन खेळांत शेंकडों तास घालविणाऱ्यांच्या स्मृतीला एवढीच जागा मिळाली. सुमारें पंधरा लाख खेळाडूंपर्यंतच तो पोंचला आणि ही संख्या अपेक्षेच्या जवळजवळ निम्मीच आहे, असें कंपनीनें जानेवारी २०२५ मध्यें जाहीर केलें. त्याला कारणें अनेक असतील. परंतु ज्यांच्या स्मृतीवर भांडवल उभें होतें त्यांची स्मृति बाजूला ठेवणें परवडत नाहीं, एवढें तरी त्यावरून म्हणतां येईल.

दुसऱ्या भागानें पहिल्याची नक्कल करावी, अशी अपेक्षा कोणताही जाणता रसिक करीत नाहीं. त्यानें दोनच गोष्टी मागाव्या. पहिली, त्याच्या आठवणीचा मान. आणि दुसरी, वस्तु घडण्याला लागणारा वेळ. 'ड्रॅगन एज २' च्या कर्त्यांपाशीं नवी कल्पना होती, लिहिण्याची ताकद होती, धीट मन होतें. त्यांना वेळ मिळाला नाहीं. रसिकानेंही रागावतांना एवढा विवेक करावा कीं, शिक्षा घाईला व्हावी, धाडसाला होऊं नये. नाहींतर पुढच्या खेपेला त्याच्यापुढें मोठी वस्तु येईल, सुबक वस्तु येईल, त्याच्या सर्व तक्रारींचा जबाब देणारी वस्तु येईल. नवी वस्तु मात्र येणार नाहीं.